पहिली वेलांटी

एका शब्दातून बाईंना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. हाताचे दांडे असलेली खुर्ची. खिडकीची खोली. दारावर ‘विभागप्रमुख’ अशी पाटी. आणि शेजारच्या खोलीत बसणाऱ्या गोडबाईंचा पडलेला चेहरा. बाईंच्या लेखी त्या चेहऱ्याचा भाव बाकीच्या तिन्हींपेक्षा चढा होता.

आमचं केंद्र म्हणजे पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं ठिकाण. बोलायला शिकवणाऱ्या दोघी. गोडबाईंकडे रुग्णाने नुसतं तोंड उघडलं तरी बरोबरची खूण मिळायची. रुग्ण खूश, नातेवाईक खूश, आणि मोठे डॉक्टर कपाळाला हात लावून बसलेले. आमच्या बाई मात्र गुणांच्या बाबतीत कंजूष. दया आली म्हणून त्यांनी कधी कोणाला अर्धी खूण दिली नाही. मोठ्या डॉक्टरांना नेमकं हेच आवडायचं. प्रमुखपद कोणाला द्यायचं ते ते सोमवारच्या आढाव्यात ठरवणार होते, आणि त्या आढाव्यासाठी बाईंकडे असा एक कागद तयार होता की कडकपणाचा नमुना म्हणून चौकटीत घालून लावावा. छत्तीस बैठका, दर बैठकीत पाच प्रयत्न, एकशे ऐंशी फुल्या. बरोबरची खूण औषधालाही नाही.

तो कागद टर्नरकाकांचा. काकांचं त्यावर काय अवलंबून होतं? पुढचे बारा आठवडे. नियम सरळ आहे: पहिल्या बारा आठवड्यांत रुग्ण समजून-उमजून किमान वीस वेळा बरोबर बोलला, तर आणखी बारा आठवडे मिळतात. नाही बोलला तर जागा पुढच्याला. मग घरी जायचं आणि उरलेलं आयुष्य बोटं दाखवून काढायचं.

माझं त्यात काहीच नव्हतं. मी नोंदणी विभागातला कारकून. मला इथे शुद्धलेखनराव म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान चांगले आहेत.

टर्नरकाका म्हणजे उंच, आडव्या खांद्याचे शीख गृहस्थ. पस्तीस वर्षं कारखान्यात टर्नर, लेथवर लोखंड कातलेलं. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा शाबूत, डाव्या मनगटात पोलादी कडं. पगडी रोज काकू बांधून द्यायच्या आणि रोज काका आरशात बघून एक घडी स्वतः डाव्या हाताने सारखी करायचे. काकूंचं बांधणं त्यांना कधी पसंत पडलं नाही म्हणे. बोलणं मात्र सगळं पुसलं गेलेलं. पाणी नाही, नको नाही, बायकोला हाक नाही. उरला होता एकच शब्द. सकाळी डोळे उघडले की तो, जेवणाआधी तो, आणि अधूनमधून उगाचच तो. वाहेगुरू.

“हे बोलणं नाही,” मोठे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. “ही जिभेची सवय. असे रुग्ण आकडे म्हणतात, शिव्या देतात, प्रार्थना म्हणतात. डोकं त्यात नसतं.”

बाईंनी तरी तोच शब्द धरला. असलेल्या एका शब्दावरून दुसऱ्यावर जायचं, ही त्यांची पद्धत. आधी अर्थ हवा म्हणून काकूंना खोलीत बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच होतो.

“काकू, ह्याचा अर्थ काय हो?”

“अर्थ?” काकू हसल्या. चाळीस वर्षं मराठी शेजारात काढलेली बाई, आमच्यापेक्षा झणझणीत मराठी बोलायची. “देवाचंच नाव ते आमच्यात. गुरू तर तुम्हालाही ठाऊक, अंधारातून उजेडात आणतो तो. आणि वाहे म्हणजे ते आपलं, वाह! काहीतरी असं बघितलं की आ वासला. तुम्ही अबब म्हणता ना, तसं. पण अबब म्हणून आपण पुढे जातो. ह्यात तिथेच उभं राहायचं.”

“म्हणजे काही मागायचं असलं की म्हणायचं?”

“मागायचा शब्द नाही तो, बाई. ह्यांचं बघा, पार्ट कातून झाला, मापाला लावला आणि केसाचाही फरक निघाला नाही, की मशीन बंद करून म्हणायचे. आता पार्ट तर ह्यांनीच कातलेला! मी म्हणायचे, स्वतःच करता आणि स्वतःच चकित होता? तर म्हणायचे, मी कुठे केला, हात लागला एवढंच.”

काका खुर्चीतून बायकोकडे बघत होते. चेहऱ्याची अर्धी बाजू हसली.

बाईंनी वहीत कानाला ऐकू आलं तसं लिहिलं: वाहेगुरू. आणि इथे मी मध्ये पडलो. पडायचं काही कारण नव्हतं. नाक खुपसायची सवय ही पण जिभेच्या सवयीसारखीच, डोकं त्यात नसतं.

“बाई, असं ऐकून लिहू नका. कार्ड करायचंय ना? मूळ लिपीतून घ्यायला हवं.”

“तुम्हाला येते ती लिपी?”

“तक्ता मिळतो.”

काकूंनी औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांच्या लिपीत तो शब्द लिहून दिला आणि खाली गेल्या. मी गुरुमुखी अक्षरांचा तक्ता समोर ठेवून बसलो. त्यांचा स आपल्या म सारखा दिसतो, नवखा माणूस तिथेच आपटतो, हेही मी शोधून काढलं. या शब्दात स नव्हता तरी. मग एकेक अक्षर जुळवलं. व ला काना. ह ला पहिली वेलांटी. ग ला पहिला उकार, र ला दुसरा. म्हणजे वाहिगुरू. मी दोनदा तपासलं, काळ्या शाईने ठसठशीत कार्ड केलं आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

“पण ते ‘हे’ म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“म्हणोत की! लोक आशीर्वादाला आर्शिवाद म्हणतात. आपण काय तसंच छापायचं? मुळात ऱ्हस्व वेलांटी आहे, ही बघा, त्यांच्याच बायकोच्या हातची.”

बाईंनी चिठ्ठी पाहिली, तक्ता पाहिला. बरोबर होतं. अक्षराला अक्षर लागत होतं.

“म्हणजे ‘हि’चा ‘हे’ होतोय. स्वर घसरतोय त्यांचा.” त्यांचे डोळे चमकले. पकडायला काहीतरी मिळालं होतं. “छान. ह्याच्यावरच काम करते.”

आणि त्यांनी काम केलं. नातेवाईक बाहेर बसायचे हा नियम. त्यामुळे काकू जिन्याजवळच्या बाकावर, विणकाम घेऊन. आत स्पंज लावलेल्या भिंती, टेबलावर आरसा, जीभ दाबायच्या काड्यांची बरणी, आणि समोरासमोर दोन हट्टी माणसं. मी नोंदी न्यायला जायचो तेव्हा कानावर पडायचं.

“म्हणा काका, वा-हि-गु-रू.”

“वाहेगुरू.”

“हि. ओठ ताणा. आरशात बघा. हि.”

“हे.”

“हि, काका, हि.”

“हे!” आणि कडं टेबलावर टण्णकन.

फुली.

बाईंनी शेऱ्यात लिहिलं: रुग्ण चिडतो. तेही खरंच होतं. आमच्या कागदांवर सगळं खरंच असतं.

*

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी काकांच्या निकालाचं पत्र टाइप करून ठेवलं. आढावा दहाचा असतो. पण एकशे ऐंशी फुल्यांवर चर्चा ती काय होणार, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी जाता जाता सही मारली. साडेनऊला रिकामी झालेली जागा यादीतल्या पुढच्या नावाला दिली. पुढचं नाव म्हणजे एक शिवणकाम करणारी बाई, वय तीस, जिला कात्री म्हणायचं असलं की तोंडातून खिडकी निघायची. तिला फोन गेला, दहाच्या आत ती आईला घेऊन हजरही झाली आणि काकूंच्याच बाकावर येऊन बसली. काकूंनी सरकून तिला जागा करून दिली. कोणाची जागा कोण घेतंय ते दोघींनाही माहीत नव्हतं.

आढाव्याला नातेवाईक आत चालतो, कारण शेवटी त्याची सही लागते. टेबलाच्या त्या बाजूला मोठे डॉक्टर आणि केंद्राची समाजसेविका. या बाजूला काका चाकाच्या खुर्चीत, शेजारी काकू. बाई उभ्या. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला.

बाईंनी कागद पुढे केला. “छत्तीस बैठका. प्रतिसाद दरवेळी आहे, पण दरवेळी चूक. आणि दरवेळी एकच चूक.”

“एकच?” मोठे डॉक्टर खूश दिसले. “इतका स्वच्छ कागद मी वर्षात पाहिला नाही. दाखवा एकदा, नोंदीपुरतं.”

बाईंनी कार्ड काकांसमोर धरलं. “म्हणा काका. वाहिगुरू.”

काकूंची मान फटकन वळली. “काय म्हणालात?”

“थांबा काकू, मध्ये बोलू नका. हं, काका. वाहिगुरू.”

“वाहेगुरू,” काका म्हणाले.

“हि.”

“हे.”

“बघितलंत, सर?”

“अहो बाई!” काकू उभ्याच राहिल्या. विणकामाच्या सुया खाली पडल्या. “तीन महिने तुम्ही ह्यांना हे असं म्हणायला लावताय? हि? ते चुकत नाहीयेत हो. ते तुम्हाला सुधारतायत!”

माझी लेखणी कागदावर जिथे होती तिथेच राहिली. तिथे शाईचा ठिपका अजून आहे.

“पण वेलांटी,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच लिहून दिलं होतं. ह ला पहिली वेलांटी.”

“लिहायचं तसंच! म्हणायचं हे. आमच्यात ह ला ती वेलांटी आली की बोलताना कितीदा हे होतं, लहान पोरालाही ठाऊक असतं. तुमच्या मराठीत पाण्याचा जग आणि माणसांचं जग एकसारखंच लिहिता ना? मग म्हणताना एकच म्हणता?”

समाजसेविकेने ओठ हलवून दोन्ही जग म्हणून पाहिले आणि हात तोंडावर ठेवला. मीही मनात म्हणून पाहिले. जसं लिहितो तसं बोलतो म्हणून पन्नास वर्षं मिरवलं, आणि एका जगात दोन जगं होती.

“एक मिनिट,” मोठे डॉक्टर म्हणाले. ते सहज चकित होणाऱ्यांतले नव्हेत. “उच्चार बरोबर असेल. पण म्हणून ते समजून बोलतायत असं होत नाही. सवयीची जीभ सवयीचाच उच्चार करणार. पोपट बरोबर बोलला तरी पोपटच.”

“पोपट?” काकू म्हणाल्या. “मग तुम्हीच विचारा ना पोपटाला.”

बाई काकांकडे बघत होत्या. मग त्यांनी कार्ड टेबलावर पालथं घातलं, काकांच्या समोर वाकल्या आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हळू, नीट म्हणाल्या, “वाहेगुरू.”

आम्ही सगळे थांबलो. आजवर कार्ड पुढे आलं, शब्द कानावर पडला, की काका बोलले नाहीत असं कधी झालं नव्हतं. पोपट असता तर आताही बोलला असता.

काका बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, एकदा, खाली. पार्ट मापाला बसल्यावर हलवत असतील तशी.

मोठे डॉक्टर खुर्चीतून पुढे सरकले. “वाहिगुरू,” ते म्हणाले.

“हे,” काका म्हणाले.

“वाहेगुरू.”

गप्प. मान खाली.

“वाहोगुरू.”

“हे!” कडं टेबलावर टण्णकन.

“वाहूगुरू.”

“हे! हे!”

“वाहेगुरू.”

गप्प.

मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. चुकवलं की बोलतो, बरोबर म्हटलं की थांबतो. याला सवय म्हणत नाहीत. याला ऐकणं म्हणतात, तोलणं म्हणतात, आणि नको तिथे तोंड न उघडणं म्हणतात. हे शेवटचं तर वाचा शाबूत असलेल्यांतही क्वचित दिसतं.

“हे म्हणजे काय हे,” समाजसेविका स्वतःशीच पुटपुटली. आणि काकांनी तिच्याकडे बघितलं, डावा हात टेबलावर नेला, पालथं कार्ड उलटं केलं, ठसठशीत काळ्या वेलांटीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, “हे. नाही.”

नाही! बारा आठवड्यांत कोणी शिकवला नव्हता तो शब्द. काकू मटकन खाली बसल्या. त्यांच्या तोंडून काय निघालं ते सांगायला नको. पहिल्यांदाच मला कळलं की तो शब्द म्हणताना माणसाचं तोंड उघडं राहतं, मिटत नाही.

बाईंनी कागद ओढून घेतला. एकेका फुलीवर त्यांचं बोट चाललं होतं. ओठ हलत होते. मला वाटलं रडतायत. त्या मोजत होत्या.

“एकशे ऐंशी,” त्या म्हणाल्या. “सर, हे सगळे बरोबर आहेत. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी. वीस लागतात.”

“पत्र गेलंय,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“कुठे गेलंय? हे काय, इथेच आहे.”

“जागा गेली. ती बाहेर बसलीय.”

काचेच्या दारातून दिसत होती. आई तिला काहीतरी विचारत होती, ती मान हलवून हाताने कात्री चालवून दाखवत होती. मोठे डॉक्टर उठले, दारापर्यंत गेले, मुठीत हँडल धरलं आणि सोडून दिलं.

“कोणी सांगायचं तिला?” ते म्हणाले.

काकूंनीच मान हलवली. “नको हो. तिला नका उठवू. मघाशी माझ्या शेजारी बसली होती, किती खुशीत आहे.”

“मी घेईन काकांना,” बाई म्हणाल्या. “माझ्या जेवणाच्या सुट्टीत. एक ते पावणेदोन.”

“नोंदीबाहेरची बैठक धरली जात नाही. आणि हा कागद मागे घ्यावा लागेल, चुकीची तपासणी म्हणून. तुमच्या नावावर.” मोठ्या डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “आज मी काय ठरवणार होतो ते तुम्हाला माहीत आहे. विचार करा. कार्ड तुम्ही लिहिलेलं दिसत नाही. कोणी लिहिलं?”

मी इतिवृत्तात डोकं घातलं. त्या वेळी मी काय लिहीत होतो ते मागाहून वाचलं. एकच शब्द तीनदा लिहिला होता, तिन्ही वेळा शुद्ध.

“उच्चार मी केला,” बाई म्हणाल्या. “छत्तीस बैठका. आणा कुठे सही करायची ती.”

*

दुसऱ्या दिवशी एक वाजायला पाच मिनिटं असताना मी त्यांच्या खोलीत गेलो. डबा उघडलेला नव्हता. काका आरशासमोर पगडीची घडी सारखी करत होते.

“बाई, ते कार्ड...”

“तुमचं अक्षर मी ओळखत नाही का?” त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “तुमच्या बाजूने बोलले असं समजू नका. ‘हे’ मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, हातांनी लिहिलं होतं. आणि कान सोडून तक्ता धरला. बसा.”

“मी?”

“काका बरोबर ऐकलं की गप्प बसतात. चुकीचं ऐकलं की बोलतात. मला चुकीचं बोलणारा माणूस हवाय, रोज, पाऊण तास. माझ्याकडून आता होत नाही, जीभ अडखळते.” त्यांनी चित्रांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. “हा पेला. काय म्हणाल?”

“पेला.”

“शुद्धलेखनराव!”

मी घसा साफ केला. कानापर्यंत लाल झालो. “पिला,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला माझ्या चौथीच्या गुरुजींची आठवण झाली. कडं वाजलं. “पे,” ते म्हणाले. “पे. ला.”

बाईंनी खूण केली. नोंदीत न धरली जाणारी.

आज या गोष्टीला चार महिने झाले. काकांकडे एकसष्ट शब्द आहेत, त्यातले निम्मे माझ्यावर ओरडून मिळवलेले. शिवणकामवाली कात्रीला कात्री म्हणते. आता कोणी काय किंमत भरली तेवढं सांगतो. मोठ्या डॉक्टरांनी घामाचे चार थेंब. गोडबाई काहीही न भरता हाताच्या दांड्यांच्या खुर्चीत बसल्या. काकूंनी बारा आठवडे बाकावर काढले, आपल्या माणसाला आत काय म्हणायला लावतायत ते न कळता. काकांनी बरोबर असून एकशे ऐंशी वेळा फुली सोसली. बाईंनी पद दिलं, खिडकी दिली, आणि रोजचं गरम जेवण. माझ्या वाट्याला रोजच्या पाऊण तासाच्या चुका आल्या. आणि बाईंनी सही केलेल्या त्या कागदावर, जिथे चूक करणाऱ्याचं नाव लिहायची जागा आहे, तिथे आजही माझं नाव नाही.